रविवारी संध्याकाळी मेस बंद असते

पुण्यात कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या आठवड्याचा कणा मेसच्या वेळांवर उभा असतो. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. एकदा हे पक्कं झालं की बाकीचं वेळापत्रक त्याभोवती आपोआप बसतं. विधी शाखेच्या विद्यार्थ्याला तर ही रिकामी संध्याकाळ फार मोलाची. सोमवारी मूटची, म्हणजे सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्याची, तालीम असते, लेक्चरचा सत्तर टक्के हजेरीचा नियम मानगुटीवर असतो, आणि जपानी अॅनिमे पाहणाऱ्यांच्या बाबतीत आठवडाभराचे साचलेले भागही याच संध्याकाळची वाट पाहत असतात. अॅनिमेचा एक भाग साधारण चोवीस मिनिटांचा. त्यातलं सुरुवातीचं गाणं दीड मिनिट, शेवटचं दीड मिनिट. एका शेगडीच्या स्वयंपाकाला हे माप इतकं सोयीचं आहे की बरेच जण घड्याळ न बघता भागावरच कुकर लावतात.

अशा खोलीत साधनं मोजकीच असतात. एक इंडक्शन किंवा पाच किलोचा छोटा सिलिंडर, तीन लिटरचा कुकर, एक नॉनस्टिक तवा, दोन पातेली, एक खोलगट चमचा. बाजारात मिरिन (स्वयंपाकातली गोडसर तांदळाची दारू) नाही, दाशी (समुद्री शेवाळाचं किंवा सुक्या माशांचं चवदार पाणी) नाही, नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे कागदासारखे पातळ ताव) मिळते ती महाग. त्यामुळे पडद्यावर दिसलेला पदार्थ करायचा म्हटलं की पहिला प्रश्न एकच: याच्या जागी काय चालेल? या प्रश्नाचं उत्तर चटकन देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. बदली वस्तू शोधायची तर मूळ वस्तू तिथं काय काम करत होती, हे आधी विचारावं लागतं. कायदा शिकणाऱ्याला ही सवय वर्गातच लागलेली असते, किंवा लागायला हवी.

भातापासूनच सुरुवात करू. ओनिगिरी म्हणजे मीठ लावलेल्या हातांनी वळलेला भाताचा त्रिकोणी गोळा. जवळपास प्रत्येक शाळकरी अॅनिमेत, डब्यात किंवा गच्चीवर, तो दिसतोच. बासमतीचा ओनिगिरी होत नाही आणि याला कारण आहे. बासमतीच्या स्टार्चमध्ये अमायलोज जास्त असतं, म्हणून शिते सुटी राहतात. जपानी आखूड दाण्याच्या तांदळात अमायलोज कमी, म्हणून शिते एकमेकांना धरून राहतात. म्हणजे इथं तांदळाचं काम चिकटणं हे आहे. या कामाला आपल्याकडे फार दूर जावं लागत नाही. मावळातला इंद्रायणी आहे. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तो तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहोराचा वास थोडा उतरला आणि चिकटपणाही. ज्या चिकटपणामुळे पुलाव करणारे इंद्रायणीला नावं ठेवतात, तोच इथं गुण ठरतो.

एक वाटी इंद्रायणी तीन पाण्यांनी धुवावा. पहिलं पाणी लगेच ओतून द्यायचं, कारण कोरडा तांदूळ ते पहिलं, भुशाच्या वासाचं पाणी पटकन पितो. मग अर्धा तास भिजत ठेवावा. जेवायला मऊ भात करताना आपण पावणेदोन-दोन वाट्या पाणी घालतो, इथं दीड वाटी पुरे. तांदूळ नवा असेल तर त्यातूनही दोन-तीन चमचे कमी करावं, कारण नव्या तांदळात मुळात ओल असते. कुकरमध्ये भांड्यात ठेवून मध्यम आचेवर तीन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. शिट्टी उचलून वाफ काढली तर वरचा भात कोरडा आणि तळाचा लगदा होतो. झाकण काढल्यावर भात खालून वर अलगद हलवून पाच मिनिटं तसाच ठेवावा, म्हणजे शितांवरचं पाणी उडून जातं.

वळणं हे खरं कौशल्य. आपल्या हाताला लाडू वळायची सवय, आणि लाडू घट्ट वळतात. ओनिगिरी तसा वळला की आतून पेढ्यासारखा होतो आणि घशात बसतो. बाहेरचा थर धरून राहील इतकाच दाब द्यायचा, तीन-चार वेळा फिरवायचं आणि सोडून द्यायचं. तळहात ओले करायचे म्हणजे भात चिकटत नाही, त्यावर दोन चिमूट मीठ पसरायचं म्हणजे चव बाहेरच्या थराला लागते. भात सोसवेल इतका गरम हवा. गार भाताची शिते जुळत नाहीत, दाबाल तितकी तुटतात. एका वाटीच्या भातात साधारण तीन गोळे होतात.

आत जपानमध्ये बऱ्याचदा उमेबोशी घालतात, म्हणजे खारवलेलं आंबट फळ. तिचं काम आंबट-खारट, ठसठशीत चव एका घासात देणं. कैरीचं लोणचं सुचतं, पण त्याचं तेल शितांमध्ये झिरपतं आणि गोळा मधूनच फुटतो. लोणचंच हवं असेल तर बिनतेलाचं उपासाचं लिंबाचं लोणचं घ्यावं, तेही अर्धा चमचा. त्याहून चांगली चव जवसाच्या किंवा तिळाच्या कोरड्या चटणीची लागते, किंवा पाटा-वरवंट्यासारख्या जाडसर वाटलेल्या, तेल न घातलेल्या ठेच्याची. नोरीचं काम दुहेरी आहे: हात कोरडे ठेवणं आणि समुद्राची चव देणं. पहिलं काम भाजलेल्या तिळात गोळा घोळवून होतं. दुसरं होत नाही, आणि ते मान्य करून पुढे जावं. नोरी असेलच तर खायच्या क्षणी गुंडाळावी. आधी गुंडाळली तर वाफेने ओली होऊन चिवट होते.

आणखी एक, हे मात्र गंभीर. रात्री केलेला भात ओट्यावर ठेवून सकाळी डब्यात नेऊ नये. तांदळात बॅसिलस सेरेअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा वाढतात. त्यांचं एक विष भात परत गरम केल्यानंही नाहीसं होत नाही. फ्रिजमध्ये ठेवावा तर स्टार्च पुन्हा घट्ट होऊन ओनिगिरी कडक होतो. म्हणून डब्याचा ओनिगिरी सकाळीच करावा, आणि रात्रीचा उरलेला भात तासाभरात फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकावा.

भात भिजण्याचा तो अर्धा तास मात्र वाया जाऊ देऊ नये. मोबाइल हातात घेतला की तो दोन तासांचा होतो. या वेळेत बेअर अॅक्टचं, म्हणजे टीपा-भाष्याशिवायच्या मूळ कायद्याचं, एकच कलम वाचावं. एकच, पण पुरतं.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम. ५११ कलमांची दंड संहिता ३५८ कलमांत बसली. लगेच तक्ते निघाले: ३०२ च्या जागी १०३, ४२० च्या जागी ३१८ (४), ३७९ च्या जागी ३०३ (२). खोलीच्या भिंतीवर हा तक्ता चिकटवलेला नाही असा विद्यार्थी सापडणं कठीण. तक्ता उपयोगाचा आहेच. आणि जुना आकडा विसरूनही चालत नाही, कारण १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला दंड संहिताच लागू होते, त्यामुळे न्यायालयांत ३०२ आणि १०३ अजून बरीच वर्षं शेजारी शेजारी नांदणार आहेत. पण तक्ता म्हणजे ‘मैद्याऐवजी कणीक’ असं लिहिलेली चिठ्ठी. कणीक जास्त पाणी पिते, हे त्या चिठ्ठीत नसतं.

चोरीचंच घ्या. जुन्या संहितेत ३७८ मध्ये व्याख्या आणि ३७९ मध्ये शिक्षा होती. नव्यात दोन्ही ३०३ मध्ये एकत्र आहेत, आणि शिक्षेच्या पोटकलमाला एक नवं परंतुक, म्हणजे ‘मात्र’ म्हणून अपवाद सांगणारी जोड, लावलं आहे: चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. तक्त्यावर भिस्त ठेवणारा हे परंतुक हमखास सोडतो आणि परीक्षेत जुनीच शिक्षा लिहून येतो.

कलम वाचायची रीत साधी आहे, फक्त क्रम मोडायचा नाही. आधी मथळा. मग ‘जो कोणी’पासून शिक्षेपर्यंतचं मुख्य वाक्य पेन्सिलीने तोडून घटक वेगळे करायचे. चोरीत ते पाच निघतात: अप्रामाणिक हेतू, जंगम मालमत्ता, दुसऱ्याच्या ताब्यातून, त्याच्या संमतीशिवाय, आणि नेण्यासाठी हलवणं. मग परंतुक, मग स्पष्टीकरणं, आणि शेवटी उदाहरणं. उदाहरणं बहुतेक जण गाळतात, पण कलमाचा जीव तिथंच असतो. चोरीच्या उदाहरणांत एक कुत्र्याचं आहे: ‘अ’ खिशात कुत्र्याला आवडणारं खाणं ठेवतो, ‘य’चा कुत्रा त्याच्या मागे चालू लागतो, आणि हेतू अप्रामाणिक असेल तर कुत्र्याने मागे चालायला सुरुवात केली त्या क्षणी चोरी पूर्ण होते. ‘हलवणं’ म्हणजे काय, हे दहा पानांच्या गाइडपेक्षा या दोन ओळींतून लख्ख कळतं.

दुसरं उदाहरण मित्राच्या ग्रंथालयाचं. मैत्री असलेला ‘अ’, ‘य’ घरी नसताना त्याचं पुस्तक वाचून परत करायच्या हेतूने नेतो. आपल्याला गर्भित संमती आहे असं त्याला वाटलं असणं शक्य आहे, आणि तसं असेल तर चोरी नाही. आता हेच खोलीच्या सामाईक फ्रिजमधल्या अंड्यांना लावून बघावं. पार्टनरच्या ट्रेमधली तीन अंडी कुणी ऑम्लेटला घेतली. पुस्तक परत येतं, अंडी परत येत नाहीत, म्हणजे ग्रंथालयाचं उदाहरण जसंच्या तसं लागू होत नाही. पण एकमेकांचं दूध-अंडी घ्यायचा आणि महिन्याच्या शेवटी हिशेब करायचा त्या खोलीतला रिवाज असेल, तर गर्भित संमतीचा मुद्दा उभा राहतो, आणि अप्रामाणिक हेतू हा पहिलाच घटक गळतो. शिवाय याच न्याय संहितेचं ३३ वं कलमही आहेच: सुज्ञ माणूस तक्रार करणार नाही इतका क्षुल्लक अपाय गुन्हा ठरत नाही. असं एक कलम अंड्यांवर घासून बघितलं की मूटमध्ये न्यायाधीशाच्या खुर्चीवरून तथ्यं थोडी बदलून प्रश्न आला तरी गांगरायला होत नाही.

अंड्यांचा विषय निघालाच आहे, तर तामागोयाकी. जपानी डब्यातली ती पिवळी, थरांची गुंडाळी. पुण्यातल्या कित्येक खोल्या ‘फक्त शाकाहारी’ अटीवर मिळतात आणि त्या अटीत अंडंही येतं, तेव्हा आधी घरमालकाशी झालेला करार वाचावा. परवानगी असेल तर तीन अंडी, एक छोटा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा सोया सॉस, दोन मोठे चमचे पाणी किंवा दाशी. आपल्या वाणसामानाच्या दुकानातला डार्क सोया सॉस जपानी सॉसपेक्षा रंगाने गडद आणि चवीने उग्र असतो. तो अर्धा चमचा घातला तर अंडं मातकट होतं. पाव चमचा आणि चिमूटभर मीठ, एवढंच घ्यावं.

काट्याने फेटताना फेस येऊ द्यायचा नाही. चॉपस्टिक किंवा काटा भांड्याच्या तळाला टेकवून पुढे-मागे ओढायचा. फेस म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे तव्यावर फोड. चौकोनी तवा नसला तरी चालतं, गोल तव्यात टोकं निमुळती होतात इतकंच, ती कापून खाऊन टाकायची. तेल लावायला अर्धा कांदा काट्याला टोचून तव्यावर फिरवावा, आपण घावनाला करतो तसा. मंद-मध्यम आच. एक पळी अंडं पसरायचं, खालून धरलं पण वरून अजून ओलसर आहे अशा वेळी गुंडाळायचं. ती ओल म्हणजे थरांमधला डिंक. पूर्ण सुकल्यावर गुंडाळलं तर थर सुटे राहतात आणि कापताना उलगडतात. गुंडाळी कडेला सरकवून पुन्हा तेल, पुन्हा एक पळी, आणि गुंडाळी किंचित उचलून कच्चं अंडं तिच्याखाली जाऊ द्यायचं. साखरेमुळे हे लवकर तांबूस होतं, म्हणून आच वाढवायचा मोह आवरावा लागतो.

दाशीचं काम उमामी, म्हणजे गोड-आंबट-खारट-कडू यांपलीकडची ती भरीव रुचकर चव, देणं. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं करून या चवीचं मूळ दाखवलं. जपानी घरांत सुकवलेल्या बारीक माशांची निबोशी दाशीही करतात, आणि इथं कोकणातल्या मुलाला काही शिकवावं लागत नाही. घरून आलेल्या पुडीतले सुके मासे असतील तर डोकं आणि पोट काढून टाकायचं, नाहीतर पाणी कडू होतं. दहा-बारा मासे अडीच कप पाण्यात अर्धा तास भिजवून दहा मिनिटं मंद उकळले की झालं. शाकाहारी खोलीत सुके मशरूम भिजवलेलं पाणी हे काम बऱ्यापैकी करतं.

एवढ्यात भाग सुरू झालेला असतो.

अॅनिमे डब केलेला पाहावा की जपानी आवाजात सबटायटलसह, हा वाद जुना आहे. लहानपणी हिंदी डबमधून डोरेमॉन पाहिलेली ही पिढी मोठी झाल्यावर मूळ आवाजाकडे वळते, पण वाचते मात्र इंग्रजी सबटायटल. आणि मराठी माणसाला इथं एक गंमत जाणवते: इंग्रजीत जे हरवतं ते आपल्याला ऐकू येतं. एखादी मुलगी एका मुलाला आठ भाग आडनावाला ‘-कुन’ लावून हाक मारते आणि नवव्या भागात नुसतं पहिलं नाव घेते. सबटायटलमध्ये दोन्ही वेळा तेच पहिलं नाव छापलेलं असतं. ज्याच्या घरात ‘अहो’चं ‘अरे’ होण्याला वर्षं लागतात, त्याला त्या क्षणाचं वजन सांगावं लागत नाही. ‘सेनपाइ’ला इंग्रजीत शब्दच नाही. आपल्या कॉलेजातला ‘दादा’ आणि ‘ताई’ त्याच्या पुष्कळ जवळ जातात.

पण उलटंही होतं. जपानीत ‘वाताशि’, ‘बोकु’, ‘ओरे’ असे ‘मी’चे कितीतरी प्रकार, आणि त्यातून बोलणाऱ्याचा स्वभाव, वय, ऐट कळते. आपल्याकडे फक्त ‘मी’. शिवाय आपलं क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं. ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ या १९९६ पासून चालू असलेल्या मालिकेत गुन्हेगार उघड होईपर्यंत काळ्या सावलीसारखा दाखवतात. ती सावली मनात म्हणते, आज त्याला मारायचं. याचं मराठी सबटायटल ‘मी आज त्याला मारतो’ असं केलं की अर्धं रहस्य फुटलं, ‘मारते’ केलं तरी फुटलं. एक वाट अशी: ‘मी’च्या जागी ‘मला’ वापरायचा. ‘मला आज त्याला मारायचंय.’ इथं क्रियापद कर्त्याला विचारत नाही, म्हणून ओळख लपते. मराठीत अॅनिमेचं भाषांतर करू पाहणाऱ्याने ही एक युक्ती खिशात ठेवावी.

‘मी त्याला मारलं’ या वाक्यावरच तसे भाग संपतात. सर्वांसमोर पुरावे मांडले जातात, गुन्हेगार गुडघे टेकतो आणि शेजारी उभ्या असलेल्या पोलीस इन्स्पेक्टरसमोर सगळं कबूल करतो. कायद्याचा विद्यार्थी इथं थांबतोच. भारतात तो कबुलीजबाब कोर्टात सिद्ध करता येणार नाही. पूर्वी पुरावा कायद्याची २५, २६ आणि २७ ही तीन कलमं होती, आता साक्ष अधिनियमाचं २३ वं कलम आहे. पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, पोलीस कोठडीत दिलेली कबुली मॅजिस्ट्रेटच्या समक्ष असल्याशिवाय नाही. परंतुकानं एक फट ठेवली आहे: आरोपीच्या सांगण्यावरून काही वस्तू सापडली, तर त्या शोधाशी स्पष्टपणे निगडित असलेला तेवढाच भाग सिद्ध करता येतो. म्हणजे ‘चाकूनं मी मारलं आणि चाकू विहिरीत टाकला’ यातलं विहिरीचं आत, मारल्याचं बाहेर. जपानची व्यवस्था वेगळी आहे. तिथल्या राज्यघटनेचा ३८ वा अनुच्छेद सांगतो की केवळ स्वतःच्या कबुलीवर कुणाला दोषी ठरवता येणार नाही, आणि सक्तीने किंवा दीर्घ कोठडीनंतर घेतलेली कबुली पुरावा होत नाही. पण पोलिसांसमोर दिलेली म्हणून ती सरसकट बाद होत नाही. दोन्ही देशांना भीती एकच, तिला घातलेली कुंपणं निराळी. साक्ष अधिनियमाचं हे कलम पाठ करायचं असेल तर असा एक भाग बघून शेवटच्या पाच मिनिटांतलं काय आत येतं आणि काय बाहेर राहतं, याची दोन रकान्यांची यादी करावी. याहून चांगला सराव मला माहीत नाही.

भाषेचा हाच पेच कोर्टातही भेटतो. कॉलेजात सगळं इंग्रजीतून शिकायचं, आणि महाराष्ट्रात दुय्यम न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार विद्यार्थ्याला एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले बसून पाहायचे असतात आणि त्यांच्या नोंदी लिहायच्या असतात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवड्यांची इंटर्नशिपही असते. पहिल्या दिवशी तिथं जाणारा विद्यार्थी ‘रिटन स्टेटमेंट’ शोधत असतो आणि कारकून ‘कैफियत आली का’ विचारत असतो. चीफ, क्रॉस आणि रि-एक्झामिनेशन म्हणजे सरतपासणी, उलटतपासणी, फेरतपासणी. चार्ज म्हणजे दोषारोप. मुद्देमाल आणि पंचनामा यांना तर इंग्रजीतून काम करणारे वकीलही तेच म्हणतात, कारण त्या शब्दांनी दाखवली जाणारी प्रक्रिया इथलीच आहे. वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने करून हे शब्द लिहीत जावे, आणि शेजारी तो शब्द कुठल्या टप्प्यावर ऐकला तेही. नुसता प्रतिशब्द आठवडाभरात विसरतो, टप्पा लक्षात राहतो.

रविवारचा मुख्य पदार्थ म्हणजे जपानी करी. ती आपल्याकडून थेट गेली नाही. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) ब्रिटिशांच्या करी पावडरीबरोबर ती जपानला पोचली, नौदलाने ती उचलली, आणि जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलात आजही शुक्रवारी करी असते. थेट भारतीय धागा वेगळा आहे. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये जपानला गेले, तोक्योच्या शिंजुकूमधल्या नाकामुराया या दुकानाच्या मालकांनी त्यांना आसरा दिला, पुढे त्या घरातल्या तोशिको यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि १९२७ मध्ये नाकामुरायात भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. अॅनिमेतल्या घरांत दिसते ती मात्र बहुधा पहिल्या, नौदलाच्या वळणाची: दाट, गोडसर, फोडणी नसलेली.

चार ताटांसाठी दोन मोठे कांदे उभे पातळ चिरून वीस मिनिटं मंद आचेवर तांबूस करावे. इथं घाई केली तर गोडवा येत नाही आणि मग साखर घालावी लागते. त्यात दोन बटाटे आणि दोन गाजरं मोठ्या फोडी करून, साडेतीन कप पाणी, अर्धं किसलेलं सफरचंद आणि एक छोटा चमचा मध. मध याच वेळी घालायचा आणि किमान वीस मिनिटं उकळू द्यायचा. कच्च्या मधात स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. शेवटी घातला तर दाट झालेली करी तासाभरात पाणीदार होते, आणि कारण कळत नाही.

दुसऱ्या भांड्यात तीन मोठे चमचे लोणी, चार मोठे चमचे मैदा, अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटं, बेसनाच्या लाडवाला भाजतो तसा सतत हलवत. खरपूस वास आणि बदामी रंग आला की उतरवून त्यात एक मोठा चमचा धनेपूड, एक छोटा चमचा जिरेपूड, अर्धा हळद, अर्धा मिरेपूड, चिमूटभर मेथीपूड, तिखट चवीपुरतं. गोडा मसाला घालू नये. त्यातलं दगडफूल आणि खोबरं आले की ताटात आमटी येते, करी येत नाही. मसाला उतरवल्यावर घालायचा कारण लोणी-मैदा इतका तापलेला असतो की आचेवर तो लगेच करपतो.

भाज्या शिजल्या की गॅस बंद. हे महत्त्वाचं. उकळत्या पाण्यात हा गोळा टाकला तर बाहेरचा मैदा लगेच शिजून आतल्या कोरड्या मैद्याभोवती कवच करतो आणि गुठळ्या होतात. पिठलं करणाऱ्या कुणालाही ही गत ठाऊक आहे. दोन पळ्या गरम पाण्यात गोळा आधी सारखा करून घ्यावा, मग तो पातेल्यात सोडावा, आणि त्यानंतरच पुन्हा गॅस लावून पाच-सात मिनिटं ढवळत उकळावं. शेवटी मीठ आणि अर्धा चमचा सोया सॉस.

गोड हवं असेल तर डोरायाकी. डोरेमॉनमुळे हा पदार्थ न खाताही ओळखीचा असतो. दोन अंडी आणि ऐंशी ग्रॅम साखर फिकट होईपर्यंत फेटून त्यात एक मोठा चमचा मध, एक मोठा चमचा पाण्यात विरघळवलेला अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, आणि एकशेवीस ग्रॅम चाळलेला मैदा. वीस मिनिटं झाकून ठेवायचं, मग दोन-तीन चमचे पाणी घालून सैल करायचं. तव्याला तेल लावून ते कापडाने पूर्ण पुसून घ्यावं. तेलाचा ओघळ राहिला तर रंग ठिपक्याठिपक्यांचा येतो, आणि डोरायाकीची सारी शान त्या एकसारख्या तपकिरी रंगात आहे. बुडबुडे फुटू लागले की उलटायचं, दुसरी बाजू अर्धं मिनिट. काढल्यावर ओलसर फडक्याखाली ठेवायचं, नाहीतर कडा कडक होतात.

आत असतो आंको, अझुकी कडधान्याचं पुरण. पुरणच म्हणायला हवं, दुसरा शब्द नाही. साली राहू दिलेला तो त्सुबुआन, गाळून गुळगुळीत केलेला तो कोशिआन, आणि पुरणयंत्र असलेल्या घराला दुसरा सोपा. अझुकीच्या जागी लाल चवळी घ्यावी. ही बदली जपानलाही मान्य असलेली आहे. सणाचा लाल भात अझुकी घालून करतात, पण तोक्योच्या बाजूला त्यात चवळी घालायची पद्धत आहे, कारण अझुकी शिजताना पोटाशी फुटते आणि सामुराईंच्या गावात फुटलेलं पोट अशुभ मानलं गेलं. एक वाटी चवळी रात्रभर भिजवून मऊ शिजवायची, पाऊण वाटी साखर, चिमूटभर मीठ, आणि डाव उभा राहीपर्यंत आटवायची. जायफळ-वेलदोडा घातला तर छान लागेल, पण मग ती पुरणपोळीची आठवण होईल. आंकोत कडधान्याची स्वतःची चव पुढे यावी लागते.

उरलेली करी पातेल्यात झाकून रात्रभर ठेवू नये. दाट पदार्थ मधोमध तासन्‌तास कोमट राहतो, आणि क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूला तीच जागा हवी असते. दोन पसरट डब्यांत काढून, पातेल्यातल्या गार पाण्यावर ठेवून हलवत निववावी आणि झोपण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवावी. बटाटे मात्र गोठवू नयेत, त्यांचा स्पंज होतो. दुसऱ्या दिवशी ती इतकी घट्ट झालेली असते की अर्धा कप पाणी घालूनच गरम करावी लागते, आणि चव आदल्या दिवशीपेक्षा चांगली लागते. सोमवारी सकाळी मेस उघडते, पण ती करी असेल तर पोळ्या तेवढ्या बांधून आणाव्यात.